मेणाचा पाय

"शब्द फुटत नसेल तर नुसती बस गं. मदर मेरीला कळतं."

आज माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये शेजारच्या मावशी हळूच म्हणाल्या. नोव्हेनाची, म्हणजे नऊ बुधवारांच्या प्रार्थनेची, पुस्तिका उघडी, ओठ बंद, हे त्यांनी पाहिलं असणार.

त्यांच्या हातात मेणाचा पाय होता, बाहेर विकत मिळतो तो, दुखणं बरं व्हावं म्हणून वाहायचा. नातवासाठी. रांगेत इतका घट्ट धरलेला की टाचेवर त्यांच्या अंगठ्याचा ठसा उमटला होता. "सातवा बुधवार. पाय आहे तसाच आहे," म्हणाल्या. तरी आल्या होत्या.

पप्पांसाठी मी वर्षभर मागितलं. मिळालं नाही. तेव्हापासून येते ती आईला सोबत म्हणून.

बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या 9व्या अध्यायातला बाप आठवला, आजारी मुलाला येशूकडे आणणारा. माझा विश्वास आहे म्हणतो, आणि त्याच दमात माझ्या अविश्वासाला मदत कर म्हणतो. येशू त्याला परत पाठवत नाही. मुलाला बरं करतो. लहानपणी मला तो बाप कच्चा वाटायचा. आज सगळ्यात खरा वाटला.

हिंदू घरात जन्मलेल्या कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये याच मुंबईत बाप्तिस्मा घेतला, घरदार दुरावेल हे माहीत असून. मला श्रद्धा पाळण्यातच मिळाली. निवडायची वेळ कधी आलीच नव्हती, ती आत्ता आलीये.

निघताना मावशींनी विचारलं, "पुढच्या बुधवारी?" आईआधी मीच हो म्हटलं.

प्रार्थना येईनाशी झाली तेव्हा तुम्ही काय केलंत?