पहिला धडा ‘नको’चा

लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर, शाळेच्या फाटकाशी, मी स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांना शिकवते म्हटलं की एक प्रश्न येतोच. “आठवीनंतर या मुलांना शिकवता तरी काय? दहावी होणार का त्यांची?” तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर सांगते.

दहावीचं आधी सांगून टाकते. काहींची होते. राज्य मंडळ जादा वेळ, लेखनिक अशा सवलती देतं. एनआयओएस या मुक्त विद्यालयात पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, एकेक विषय सोडवत जाता येतं. काहींची दहावी होत नाही, आणि त्यांचाही शाळेवर तितकाच हक्क आहे. शिक्षण हक्क कायदा आठवीपाशी थांबतो, पण 2016चा दिव्यांग हक्क कायदा 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलांना 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षण देतो. म्हणजे चार वर्षं हातात असतात. ती कशानं भरायची, हा खरा प्रश्न.

माझ्या आराखड्यात पहिला धडा ‘नको’चा असतो.

आधी तसं नव्हतं. ‘बस’ म्हटलं की बसणारा, ‘हात दे’ म्हटलं की हात देणारा मुलगा शहाणा, असं मीही कित्येक वर्षं मानत आले. मग चौदा वर्षांची एक मुलगी वर्गात आली. बोलणं चार-पाच शब्दांचं. दुपारी वर्ग सुरू झाला की ती स्वतःचं मनगट चावायची. आम्ही वहीत ‘वर्तन समस्या’ लिहून मोकळ्या झालो होतो. शेवटी तिला एक कार्ड करून दिलं, लाल तळव्याचं चित्र असलेलं, लॅमिनेट केलेलं. गळ्यात काही घातलेलं तिला सोसत नाही, म्हणून कमरेला लेसनं बांधलं. सगळ्यांनी मिळून ठरवलं, तिनं कार्ड दाखवलं की हातातलं थांबवायचं. कारण विचारायचं नाही, ‘एवढं झालं की’ म्हणायचं नाही.

पहिल्या आठवड्यात ती सारखी कार्ड दाखवत होती. सहकारी म्हणाल्या, “अशानं ही शिकणार कधी?” मलाही धास्ती वाटत होती. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी पंखा सुरू झाला आणि तिनं कार्ड पुढे केलं. व्हरांड्याच्या पायरीवर जाऊन बसली. थोड्या वेळानं आपली आपण परत आली आणि अर्धवट राहिलेली डाळ पुन्हा वाटीनं मोजायला लागली. तेव्हा कुठे आम्हाला तो पंखा ऐकू आला. खडखडत होता. दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून घेतला. अभ्यासक्रमात पंखाही येतो.

‘नको’ आधी का, तर पुढचे धडे त्यावरच उभे आहेत. या वयात पाळी येते. आम्ही ती यायच्या कितीतरी आधी पॅडची सवय करतो. आधी नुसतं हातात घ्यायचं, मग वेष्टनाचा आवाज ऐकायचा, मग थोडा वेळ लावून बसायचं. बाथरूमच्या दाराला आतून पायऱ्यांची चित्रं लावलेली असतात. त्यातलं पहिलं चित्र कडी लावण्याचं. दार कुणासाठी उघडायचं, कुणासाठी नाही, मदत कोण करणार, हे सगळं शिकवायचं असतं. ज्या मुलीला सांगेल त्याचं ऐकायचीच सवय लावली, ती नको त्या माणसाला कशी अडवणार? या विचारानं माझी झोप उडालेली आहे.

बाकी गणित आहे, भाषा आहे. बारा जणांचे पोहे करायचे तर किती वाट्या, दुकानदाराला किती रुपये द्यायचे, किती परत यायला हवेत. प्रत्येक कामाच्या ट्रेवर चार गोष्टी चित्रांनी दिसतात. काय करायचं, किती करायचं, संपलं हे कसं कळणार, नंतर काय. ही रीत अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात एरिक शॉपलर यांच्या ‘टीच’ कार्यक्रमातून आली. त्यात भर म्हणून आम्ही दिवसाच्या वेळापत्रकात एक चौकोन कोरा ठेवतो. तो मुलानं भरायचा.

‘डोळ्यांत बघून बोल’ हे मात्र आता शिकवत नाही. डॅमियन मिल्टन हे ब्रिटिश अभ्यासक स्वतः स्वमग्न आहेत. त्यांनी 2012 मध्ये मांडलं की स्वमग्न माणसं आणि इतर यांच्यातली गैरसमजूत दोन्हीकडून असते. मला ते पटलं. त्यामुळे कोपऱ्यावरच्या किराणावाल्यालाही थोडं शिकवतो, की कार्ड पुढे आलं तर घाई करू नका, ती मोजतेय.

त्या मुलीची आई दिवाळीच्या सुट्टीनंतर भेटायला आली. ती रोज सकाळी लेकीच्या डोक्याला चापून तेल लावायची, दोन घट्ट वेण्या घालायची, लेक मुकाट बसायची. सुट्टीत एक दिवस तेलाची बाटली उघडली आणि लेकीनं कार्ड पुढे धरलं. “ताई, इतकी वर्षं तिला दुखत होतं का हो?” असं म्हणून ती कितीतरी वेळ पदरानं डोळे पुसत राहिली.

आता लेक बिनतेलाचे केस घेऊन येते. पुढे आखूड बट आहे, ती कपाळावर येते. तिथे पिन लावायची की नाही, हे ती रोज सकाळी ठरवते.