बर्फातली हट्टी मंडळी

हिमनदीच्या पाण्यातले जीवाणू अखेर उगवले! पेशंटचा नमुना 37 अंशांवर एका रात्रीत उगवतो. या मंडळींना गारवा हवा, आणि वेळ तर विचारूच नका. ॲम्पिसिलिन या प्रतिजैविकाच्या चकतीला अगदी चिकटून पिवळसर थर, भोवती मोकळी जागा नावालाही नाही, म्हणजे औषधाला दाद नाही. यात नवल नाही म्हणा. कॅनडातल्या युकॉनमधल्या 30,000 वर्षं गोठलेल्या मातीतही व्हॅन्कोमायसिन या प्रतिजैविकाला दाद न देणारी जनुकं सापडलीत.

मला धास्ती वाटते ती आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांची. तिथल्या मातीत अनेक प्रतिजैविकं निकामी करणारं एनडीएम-1 जनुक मिळालं. हे पहिल्यांदा दिसलं 2008 मध्ये, नवी दिल्लीहून स्वीडनला परतलेल्या रुग्णात! पक्ष्यांच्या नाहीतर माणसांच्या विष्ठेतून पोचलं असावं म्हणतात.

आता आमच्या या पिवळ्यांचं पीसीआर, म्हणजे जनुकं शोधायची चाचणी, करायचंय. मशीनवर नंबर लागला की.