आज ७.०७८ वर काय झालं

संध्याकाळी हॅम (हौशी) रेडिओवर चाळीस मीटरच्या पट्ट्यात ७.०७८ मेगाहर्ट्झला एलएसबी या आवाजी पद्धतीत बसलो. 'फ्रिक्वेन्सी वापरात आहे का?' असं तीनदा विचारलं. कुणीच बोललं नाही, म्हणून सीक्यू (कुणीही उत्तर द्यावं अशी हाक) दिला. एक जुने स्नेही भेटले, गप्पा रंगल्या, आणि मागून बारीक शिट्ट्या सुरू, पंधरा-पंधरा सेकंदांच्या लयीत. खरं सांगतो, फार चिडलो.

नंतर शांतपणे हिशेब केला. एलएसबीत आपला आवाज डायलच्या आकड्याखाली अडीच-तीन किलोहर्ट्झ पसरतो, म्हणजे मी साधारण ७.०७५ पर्यंत व्यापलं होतं. एफटी-८ची, म्हणजे कॉम्प्युटरवरून पंधरा-पंधरा सेकंदांचे छोटे डिजिटल संदेश पाठवणारी, मंडळी डायल ७.०७४ला ठेवून यूएसबीत (एलएसबीच्या उलट) वरच्या तीन किलोहर्ट्झमध्ये असतात. म्हणजे मीच त्यांच्या अंगणात उभा होतो! माझा प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचणारच नव्हता. बरेच जण स्पीकर बंद ठेवून वॉटरफॉल (स्क्रीनवर सरकणारं सिग्नलचं चित्र) बघतात, आणि तिथे माझा आवाज म्हणजे नुसता रुंद डाग. त्यांचा एक सिग्नल जेमतेम ५० हर्ट्झचा. माझ्या एका वाक्याखाली कितीतरी क्षीण स्टेशनं गाडली गेली असतील. मोठा अँटेना लावायला जागा नसलेल्या, चार-पाच वॅटवर धडपडणाऱ्या माणसांची.

(उलटंही घडतं. चालू नेटवर (रेडिओवर भरणाऱ्या सामूहिक गप्पांच्या बैठकीवर) न ऐकताच डिजिटल ट्रान्समिट करणारे मला भेटलेत, आणि ते मला आजही खुपतं.)

स्नेह्यांना निरोप पाठवलाय: उद्या ७.०९५ला भेटू.