नाक की नजर

बाळूला मधुमेह आहे. त्याची साखर उतरली की वासावरून ओळखून पंजा द्यायचा, हे मी आमच्या जिमी कुत्रीला शिकवतेय. दुपारी तिनं बाळूच्या मांडीवर पंजा ठेवला. मीटरवर ११२, म्हणजे साखर नीट. खाऊ दिला नाही. ती माझ्याकडे बघत राहिली आणि तेव्हापासून डोक्यात तेच. हिला वास येतो, की ही माझं तोंड वाचते?

मुधोळचं रक्त आहे तिच्यात, नजरेनं शिकार करणारी जात. अक्का म्हणतेच, "वासाच्या कामाला लॅब्रॅडॉर घ्यायचं होतं की." असू दे.

वास असतो, याबद्दल शंका नाही. साखर उतरताना श्वासात आयसोप्रिन नावाचं रसायन वाढतं, हे केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलंय. कुत्रं नेमकं तेच हुंगतं का, हे ठरलेलं नाही, म्हणून शिकवायला नमुना साखर खरोखर उतरलेली असतानाचाच लागतो. आकडा ७० च्या खाली आला की कापसाचा बोळा अर्धा मिनिट तोंडात, मग काचेच्या बाटलीत, वर तारीख आणि आकडा, आणि फ्रीझरमध्ये. साखरेचं पाणी तोवर हातात तयार. आकडा ५४ च्या खाली असला तर बोळा राहू दे, आधी १५ ग्रॅम साखर, १५ मिनिटांनी परत मीटर. साखर नीट असतानाचे बोळेही हवेत, त्याच कापसाचे, तशाच बाटलीत, तितकेच गोठवलेले. नाहीतर कुत्रं फ्रीझरचा वास शिकतं, किंवा हातमोज्याचा. एकाच बोळ्यावर घोकवलं तर तेवढा एकच पाठ होतो. करंट जाऊन वितळले, तर फेकायचे.

मग भोकं पाडलेले डबे, एकात साखर उतरल्याचा बोळा, बाकीच्यांत नीट साखरेचे. बरोबर डब्यावर नाक थांबलं की त्याच क्षणी शाब्बासकी आणि उकडलेल्या चिकनचा बारीक तुकडा. दोन सेकंद उशीर झाला तर ती भलत्याच गोष्टीचं बक्षीस समजते. पाच मिनिटांत खेळ बंद. पंजा नंतर जोडायचा. शेजारच्या अज्जी मात्र "बा, बा" म्हणत पंजा दिला की बिस्कीट देतात. त्यांना कोण सांगणार!

पण डबे मीच मांडते. कुठल्यात काय, ते मला ठाऊक. बरोबर डब्यापाशी माझा श्वास अडत असेल, खांदा हलत असेल. बर्लिनचा हान्स घोडा म्हणे टापा मारून गणितांची उत्तरं द्यायचा. १९०७ मध्ये फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञानं दाखवून दिलं की तो विचारणाऱ्याची मान हललेली बघून टाप मारायचा थांबतो. इतकं सगळं करून शेवटी उत्तर मीच सांगत असेन तर? घरात कुणाला त्याचं काही वाटत नाही. सगळे म्हणतात, छान शिकलीय की.

आणि ते ११२. पंजा दिला आणि आकडा नीट आला तर खाऊ नाही, पण १५ मिनिटांनी परत बघायचं, कारण साखर उतरायला लागलेली असू शकते. परत बघितलं तर ९१. उतरलीय म्हणावं तर उतरलीय, कमी म्हणावं तर नाही. मीटरला १५ टक्के इकडंतिकडं चालतं. सूट नाही ती फक्त जिमीला. इन्सुलिन आणि साखर तरीही मीटरवरच ठरणार, पंजावर नाही.

मग उपाय एकच. डबे दुसऱ्यानं मांडायचे आणि खोलीबाहेर जायचं. मी नंतर आत यायचं, काहीच माहीत नसताना. मामी तयार आहेत, पण बाहेर जायला नाही. "मला बघायचंय की," म्हणतात. मामींचा चेहरा तर अख्खी गल्ली वाचते, जिमीला कितीसा वेळ लागणार.