आधार हलला की धैवतही हलतो

फोंड्याला किंवा म्हापशाला ख्याल शिकलेल्या गायकाने अर्ली म्युझिक, म्हणजे ढोबळमानाने १७५० पूर्वीचं युरोपी गायन, शिकायचं ठरवलं की त्याला धास्ती वाटते ती स्टाफ नोटेशनची, म्हणजे पाच रेघांवरच्या युरोपी स्वरलिपीची. ते सरावाने येतं. हे गायन शिकवणारी बाझलची स्कोला कांटोरुम किंवा द हेगची रॉयल कॉन्झर्व्हेटरी डोळ्यांसमोर असेल, तर आधी आपल्या धैवताकडे बघावं.

तंबोऱ्यावर तयार झालेला गळा ही इथे मोठी पुंजी आहे. तंबोऱ्यात ऐकू येणारा स्वयंभू गंधार षड्जापासून ३८६ सेंटवर असतो (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग), पेटीवरचा ४०० वर. २२० हर्ट्झच्या षड्जावर पहिला २७५, दुसरा सुमारे २७७.२, पेटीचा गंधार लावला की सेकंदाला जवळजवळ ९ वेळा थरथर ऐकू येते. १६व्या शतकातल्या ऑर्गनची मीनटोन जुळणी हाच शुद्ध गंधार राखते आणि त्यासाठी पंचम साधारण ५ सेंट उतरवते. पेटीवर गळा बसवलेल्यांना मात्र गंधार उतरवायला चिकाटी लागते.

खरी गोम पुढे आहे. आपल्याकडे सगळे स्वर एकाच षड्जाशी मोजायचे. अनेक आवाजांच्या गाण्यात ते त्या क्षणी खालच्या आवाजात जो स्वर असेल त्याच्याशी मोजावे लागतात. खालचा आवाज मध्यमावर असेल तर वरचा धैवत ८८४ सेंटवर गोड लागतो. खालचा आवाज ऋषभावर (२०४) गेला की तोच धैवत त्याचा पंचम होतो आणि ९०६ वर हवा. धैवत जागचा हलला नाही, तर खालचा गायक ऋषभ उतरवून त्याच्याशी जुळवून घेतो, मागोमाग पंचम उतरतो आणि सा-ध-रे-प-सा अशी एक फेरी होईतो षड्जच २२ सेंट खाली आलेला असतो. ४ फेऱ्यांत जवळपास अर्धा स्वर! बेनेदेत्ती या इटालियन गणितज्ञाने ही घसरण १६व्या शतकातच मांडून दाखवली होती. यात बेसूर कुणीच नसतं, हीच तर पंचाईत.

सरावाला ओर्लांदो दी लास्सो या १६व्या शतकातल्या संगीतकाराच्या १५७७ च्या दोन आवाजांच्या रचना घ्याव्यात. एकूण २४ आहेत, निम्म्या शब्दांविना. नोटेशन नेटवर फुकट मिळतं. आधी खालचा आवाज तंबोऱ्यावर पक्का करावा. मग तंबोरा बंद, कारण तो चालू राहिला की कान पुन्हा षड्जालाच चिकटतो. दोघांनीही आकारात, संथ गावं. लांब स्वर आला की थांबून थरथर मोडेपर्यंत वरच्याने सूर हलवावा. शेवटी तंबोरा लावून किती उतरलो ते बघावं.

पट्टीचं गणित सोपं आहे. बरोकसाठी, म्हणजे साधारण १६०० ते १७५० च्या युरोपी संगीतासाठी, ए हा स्वर ४४० ऐवजी ४१५ वर धरतात, म्हणजे आपली पांढरी सहा काळी चारवर येते. बऱ्याच फ्रेंच बरोकला ३९२, म्हणजे पांढरी पाच.

दोन सवयी नडतात. स्वराला खालून मींडेने भिडलं की बाकीच्यांना जुळवून घ्यायला स्थिर स्वरच मिळत नाही. कण पहिल्या दिवसापासून बंद. दुसरी सवय समेची. जुन्या छापील पानांवर प्रत्येक आवाजाची ओळ वेगळी असते आणि मात्रांचे खंड पाडणाऱ्या उभ्या रेघा नसतात. हात खाली-वर करून लय धरायची, पण हात खाली आला म्हणून जोर द्यायचा नाही. जोर लॅटिन शब्दाच्या आघातावर.

तानेचा गळा मात्र कामी येतो. काच्चिनी या इटालियन गायक-संगीतकाराने १६०२ मध्ये छापलेला त्रिल्लो हा अलंकार म्हणजे एकच स्वर आकारात गळ्याने पुन्हा पुन्हा, वाढत्या वेगाने उच्चारणं. ख्यालियाला तो लवकर साधतो. फक्त त्यात शेजारचा स्वर घुसू देऊ नये, नाहीतर त्याची मुरकी होते.

इस्टरआधीच्या उपासकाळात गोव्याच्या चर्चमधून लॅटिन मोतेत, म्हणजे अनेक आवाजांची धार्मिक गीतं, गातात. रचना शैलीने नंतरच्या, तरी दुसरा आवाज धरून ठेवायचा सराव त्यातून होतो. प्रवेशाच्या अर्जासाठीचं रेकॉर्डिंग मात्र जुन्या गोव्याच्या घुमणाऱ्या चर्चमध्ये करायचा मोह टाळावा. घुमाऱ्यात आधीचा स्वर पुढच्यावर रेंगाळतो, व्यंजनं पुसली जातात आणि परीक्षकाला सूर पारखता येत नाही. जाड पडदे लावलेली घरातली खोली, मायक्रोफोन दीड-दोन मीटरवर, पंखा बंद.