फॉर्म क्रमांक ४

त्या दिवशी अडतीस फाइली होत्या. जानेवारी २०२२. बाहेर ओमायक्रॉनची लाट चढत होती आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या मागच्या हॉलमध्ये आम्ही चौघे मास्क लावून दुसऱ्या लाटेतल्या मयतांचे कागद चाळत होतो. अध्यक्षस्थानी अपर जिल्हाधिकारी मॅडम, त्यांच्या डाव्या हाताला आरोग्य खात्याचे दोन वरिष्ठ अधिकारी, आणि टोकाला मी. समितीत तज्ज्ञ म्हणून घेतलेला, उपजिल्हा रुग्णालयातला फिजिशियन.

समिती होती पन्नास हजारांसाठी. सर्वोच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०२१ ला मंजूर केलेली मदत: कोरोनाने गेलेल्या प्रत्येकाच्या वारसाला ५० हजार रुपये. चाचणी झाल्यापासून किंवा निदान झाल्यापासून ३० दिवसांत माणूस गेला असेल, तर तो कोरोनाचाच मृत्यू धरायचा, मग तो दवाखान्यात जावो नाहीतर घरी. आणि कागदावर कोरोना लिहिलेलं नाही एवढ्यावरून कुणालाही परत पाठवायचं नाही, असं न्यायालयाने बजावलेलं. ज्यांचे अर्ज पहिल्या फेरीत अडकले, ते आमच्यापुढे येत.

सगळ्यात जास्त गोंधळ दाखल्याचा होता. लोक नगरपालिकेचा मृत्यूचा दाखला घेऊन येत आणि म्हणत, यात कोरोना लिहायचं राहिलंय. राहिलेलं काहीच नसे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे नातेवाइकांना मिळणाऱ्या उताऱ्यात मृत्यूचं कारण छापायचंच नसतं. कारण असतं फॉर्म क्रमांक ४ मध्ये. तो दवाखान्यातला डॉक्टर भरतो आणि निबंधकाकडे पाठवतो. घरच्यांच्या तो तेव्हा सहसा नजरेसही पडत नसे. म्हणजे माणूस कशानं गेला हे त्याच्या घरच्यांखेरीज सगळ्या सरकारी खात्यांना ठाऊक, असा उलटा कारभार.

तेव्हा राज्याचा कोरोना मृत्यूंचा अधिकृत आकडा १ लाख ४१ हजारांच्या पुढे होता आणि मदतीसाठी आलेले अर्ज २ लाखांच्या वर गेले होते. एकाच माणसाचे दोन-दोन अर्ज, चुकीचे अर्ज हे सगळं त्यात होतंच. तरी मधली दरी केवढी, हे आम्हाला रोज टेबलावर दिसत होतं.

जेवणानंतरची दुसरी की तिसरी फाइल. लिपिकाने नाव पुकारलं, अर्जदार पत्नी, मयताचं वय ४१, स्वतःचा छोटा हत्ती चालवायचा. मॅडमनी फॉर्म चारची प्रत वर धरली आणि वाचलं, "तात्काळ कारण कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट, त्याखाली ब्रॉन्कोन्यूमोनिया. कोविडचा उल्लेख नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "डॉक्टर, हे असं कोण लिहितं हो? हृदय आणि श्वास बंद पडला. मरताना दुसरं काय होतं?"

बरोबरच होतं त्यांचं. एमबीबीएसच्या पोरांना आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो की 'कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट' हे मृत्यूचं कारण नव्हे, ती मरण्याची पद्धत झाली. कारण खालच्या ओळीत शोधायचं. प्रत माझ्यापर्यंत आली. अक्षर बघितलं. सही बघितली.

सही माझी होती.

रात्र आठवायला कष्ट पडले नाहीत. २०२१ च्या एप्रिलचा शेवटचा आठवडा. १८ एप्रिलला राज्यात एका दिवसात ६८ हजारांवर रुग्ण निघाले होते. २१ तारखेला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून दाब पडला आणि व्हेंटिलेटरवरची, ऑक्सिजनवरची बावीस माणसं गेली, पुढे आकडा चोवीसवर गेला. त्यानंतर दर रात्री सिलिंडर मोजायला मी स्वतः जायला लागलो. तोवर वॉर्डबॉय मोजायचा.

आमच्याकडे टाकी नव्हती, जंबो सिलिंडर होते. एका जंबोत साधारण सात हजार लिटर. त्या रात्री ऑक्सिजनवर २८ जण. कुणाला पाच, कुणाला पंधरा, सरासरी मिनिटाला आठ लिटर धरा. मिनिटाला सव्वादोनशेच्या आसपास, म्हणजे एकतीस मिनिटांना एक सिलिंडर. साडेअकराला भरलेले बारा उरलेले. केसपेपरच्या मागे मी गुणाकार केला तो आजही पाठ आहे: पावणेसहा. पावणेसहाला शेवटचा सिलिंडर संपणार. गाडी पाचला येणार असं ठरलेलं. ड्रायव्हरला फोन लावला तर तो रिफिलिंग प्लांटच्या बाहेर रांगेत, पुढे अकरा गाड्या.

प्लांट म्हटलं की नंदुरबार आठवतं. तिथले जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी २०२० च्या सप्टेंबरातच हवेतून ऑक्सिजन काढणारा पहिला प्रकल्प उभा केला होता, पहिली लाट ओसरली तरी थांबले नव्हते. केंद्राच्या पीएम केअर्स निधीतून देशभरासाठी असे १६२ प्रकल्प मंजूर झाले होते, त्यातले १८ एप्रिल २०२१ पर्यंत बसले ३३. आमच्या दवाखान्यात अशा प्रकल्पासाठी सिमेंटचा चौथरा तेवढा तयार होता. त्यावर वॉचमन खाट टाकून झोपायचा.

मग मी आणि सिस्टर वॉर्डात फिरलो आणि एकेकाचा फ्लो कमी करत गेलो. ज्याचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, ९६ टक्के, त्याला ९२ वर आणलं. ९२ वाला ९० वर. सिस्टर प्रत्येक बेडपाशी मीटरची गोळी खाली येईपर्यंत बघायची आणि वहीत लिहायची. छोटा हत्तीवाला खिडकीजवळच्या बेडवर होता. मास्कवर पंधरा लिटर, सॅच्युरेशन ८८, फुप्फुसाच्या सीटीचा, एचआरसीटीचा, स्कोअर २५ पैकी १९, जितका जास्त तितकं फुप्फुस खराब. त्याचं कमी करायला नको होतं. पण त्याच्यासारखे आणखी चौघे होते, आणि पाचांना पंधरा-पंधरा चालू ठेवलं असतं तर बाकीच्या तेविसांचं कमी करून काहीच साधलं नसतं. दहावर आणलं. तासाभराने ८४. पुन्हा बारा केलं. व्हेंटिलेटरचा बेड मिळवायला जिल्ह्याच्या ठिकाणी फोन चालूच होते, कुणी उचलत होतं, कुणी नाही.

चार वाजून चाळीस मिनिटांनी तो गेला. गाडी आली सहा वाजून वीस मिनिटांनी. तेव्हा दीड सिलिंडर शिल्लक होता.

म्हणजे ऑक्सिजन संपला नव्हता.

त्याच्या भावाला खाली जाऊन सांगितलं. तो फाटकाजवळ पिंपळाखाली बसलेला. रडला नाही. हात जोडून म्हणाला, "साहेब, एवढं करा. कोरोना लिवू नका. गावात मयत आणू देणार न्हाईत. आई हाय घरी." अशी विनवणी करणारा तो पहिला नव्हता. आकडे सरकार लपवतं असं ज्यांनी पुढे छातीठोकपणे लिहिलं, त्यांच्यापैकी किती जणांनी फाटकाजवळचा हा आवाज ऐकला असेल कोण जाणे. गावोगावी लोकांना कोरोना लपवून हवा होता. मयत घरी न्यायला, दुकान चालू राहायला, मुलीचं ठरलेलं लग्न मोडू नये म्हणून.

आणि मला कारण हवंच होतं. अँटिजेन निगेटिव्ह होती, आरटीपीसीआरचा स्वॅब गेला होता, त्याचा रिपोर्ट शेवटपर्यंत आला नाही. लक्षणांवरून आणि सीटीवरून संशयित असला तरी तसं लिहावं, त्याला वेगळा कोड आहे, यू०७.२, हे २०२० पासून आम्हाला कळवलेलं होतं. नियम माहीत होता. पण त्याच महिन्यात वरून एक फोन येऊन गेला होता, "डॉक्टर, प्रोबेबल-बिबेबल लिहीत बसू नका, रिपोर्ट हातात असेल तरच." लेखी काही नाही. असल्या गोष्टी लेखी कधीच नसतात. तेव्हा भावाची दया, वरचा फोन आणि छत्तीस तासांची ड्यूटी यांतलं माझ्या पेनात नेमकं काय उतरलं ते मी आज शपथेवरही सांगू शकणार नाही. न्यूमोनिया लिहिलं. मयत घरी गेलं. तिथं किती माणसं जमली असतील, त्यातली किती पुढे आजारी पडली असतील, हा विचार तेव्हा केला नाही. नंतर पुष्कळ केला.

जुलैत राज्यसभेत उत्तर आलं की ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचं राज्यांनी स्वतंत्रपणे कळवलेलं नाही. उत्तर देणाऱ्या तेव्हाच्या केंद्रीय आरोग्य राज्यमंत्री भारती पवार आमच्या नाशिक जिल्ह्यातल्याच, तेव्हा दिंडोरीच्या खासदार. त्यावरून टीव्हीवर आठवडाभर रणधुमाळी. केंद्र म्हणे, राज्यांनी कळवलं नाही. विरोधक म्हणाले, निर्लज्ज खोटेपणा. आमच्या राज्यातल्या तेव्हाच्या आघाडी सरकारनेही सांगून टाकलं की ऑक्सिजनअभावी आमच्याकडे कुणी गेलं नाही, म्हणजे दिल्लीत भांडणारे दोन्ही पक्ष या एका मुद्द्यावर एकमताचे. वर्षभर आधी, जून २०२० मध्ये, तेव्हा विरोधी पक्षनेते असलेल्या देवेंद्र फडणवीसांनी मुंबईतले साडेनऊशे मृत्यू दडवल्याचा आरोप केला होता आणि पाठोपाठ ताळमेळ घालून एका दिवसात १,३२८ जुने मृत्यू आकड्यात आले होते, त्यातले ८६२ मुंबईचे. पुढे मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतात दोन वर्षांत ४७ लाख जादा मृत्यू झाल्याचा अंदाज दिला तेव्हा सरकारने ती पद्धतच अमान्य केली, त्याच दोन वर्षांचा अधिकृत आकडा पाच लाखांच्या आतला.

हे सगळं मी ऐकतो तेव्हा मला वाटतं, दोन्ही बाजू अशा बोलतात जणू खरा आकडा कुठल्यातरी कपाटात कुलूपबंद आहे, किल्ली कुणाकडे एवढाच वाद. कपाटात काही नाही. खरा आकडा लिहिलाच गेला नाही. राज्यांनी कळवलं नाही हे उत्तर खोटं नव्हतं, म्हणून तर त्याचा जास्त संताप येतो. कळवणार कुठून? फॉर्म चारमध्ये अ, ब, क अशा ओळी असतात आणि त्यात आजार लिहायचा असतो. 'फ्लो पंधरावरून दहावर आणला' हा आजार नव्हे. यात सरकारला मी सोडत नाही. तो चौथरा रिकामा कुणामुळे राहिला हे शोधता आलं असतं, कुणी शोधलं नाही.

हॉलमध्ये मी म्हणालो, "मॅडम, हा फॉर्म मी भरलाय."

एसीचा आवाज तेवढा राहिला. मॅडमनी चष्मा काढला. माझ्या शेजारचे अधिकारी माझे सीनियर, त्यांनी टेबलाखालून माझ्या गुडघ्यावर थोपटलं, कशासाठी ते कळलं नाही. मॅडम म्हणाल्या, "मग या फाइलवर तुम्ही मत देऊ नका." इतिवृत्तात तशी नोंद घ्यायला लावली आणि बाकी तिघांनी कागद बघितले. कोविड वॉर्डात भरती, स्कोअर १९, स्टेरॉइड आणि रेमडेसिवीर दिल्याच्या नोंदी, भरतीपासून सहाव्या दिवशी मृत्यू. चार मिनिटांत मंजूर. मी तिच्यावर जे नऊ महिने लादलं होतं ते चार मिनिटांत निघालं.

मयताच्या पत्नीला बाहेर निरोप द्यायला शिपाई निघाला होता. म्हटलं, मी सांगतो.

बाकावर बसली होती. तिशी-पस्तिशीची, साडीच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी मांडीवर, त्यात सीटीची फिल्म गुंडाळून उभी ठेवलेली. शेजारी दहा-अकरा वर्षांचा मुलगा मोबाइलवर खेळत होता. मी सांगितलं, "ताई, तुमचं मंजूर झालंय." तिने ओळखलं नाही. पीपीई किटमधला डॉक्टर कुणाला ओळखू येणार? मग मी सांगितलं की त्या रात्री ड्यूटीवर मीच होतो, फॉर्मही मीच भरला.

"भाऊजींनी सांगितलं असंल लिवू नका म्हणून," ती म्हणाली. "मला नंतर कळलं."

"हो. पण लिहायचं की नाही ते माझ्या हातात होतं."

ती मुलाकडे बघत राहिली. मग आवाज खाली आणून विचारलं, "टीव्हीवर सांगायचे तसं, ऑक्सिजन संपला होता का हो तिथं?"

"संपला नव्हता. कमी होता. सगळ्यांना पुरेल म्हणून मी थोडा थोडा कमी केला होता. त्यांचाही."

सांगून झाल्यावर ती ओरडेल, निदान उठून जाईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "मला म्हाईत हाय. दीड वाजता फोन आलता त्यांचा. म्हणले, नळीतनं कमी येतंय. मी म्हणलं, सिस्टरला सांगा. तर म्हणले, सिस्टरच कमी करून गेली, रडत हुती."

सिस्टर रडत होती हे मला माहीत नव्हतं. किटच्या आत कोण काय करतंय ते दिसायचं नाही.

"हे कुठं लिवलंय का, सायेब?"

"नाही. त्याला रकाना नाही."

तिने मान हलवली. पिशवीतून पासबुक काढलं, पहिलं पान उघडून मला दाखवलं आणि विचारलं, खातं त्यांच्या नावावर जोडीने आहे, ते चालेल का, की नुसतं तिच्या नावाचं नवीन काढावं लागेल. मी आत जाऊन लिपिकाला विचारून आलो. नवीन काढावं लागणार होतं.