नवतपा, कूलर आणि फ्युएल सेलचा रेडिएटर

परवा नवतप्यात, म्हणजे मेच्या शेवटी येणाऱ्या त्या नऊ तापत्या दिवसांत, कूलरच्या ताट्यांमधलं गवत बदलायला घेतलं, भर दुपारी, आणि भाचा होता सोबत, मेकॅनिकलच्या थर्ड इयरला आहे तो. जुनं गवत काढता काढता मधेच म्हणे, "मामा, फ्युएल सेलला कार्नोची लिमिट लागतच नाही ना, मग लोक अजून इंजिनं कशाला बनवून राहिले?"

फ्युएल सेल म्हणजे हायड्रोजन न जाळता त्यातून सरळ वीज काढणारं यंत्र, आणि कार्नोची लिमिट म्हणजे उष्णतेवर चालणाऱ्या इंजिनातून जास्तीत जास्त किती काम निघू शकतं त्याची हद्द. प्रश्न चांगला होता, म्हणून हात धुतले आणि आधी थर्मामीटर आणायला लावलं. सावलीत धरलं तर ४४. मग त्याच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून टेबल फॅनसमोर धरलं, पाच मिनिटांत पारा २४ वर. पोरगं बघतच राहिलं. हे वेट बल्ब तापमान, आणि नागपूरचा कूलर चालतो तो याच वीस डिग्रीच्या फरकावर. जुलैत हवा ३० ची असली तरी ओलं फडकं २७ च्या खाली जात नाही, म्हणून तेव्हा कूलर नुसता ओला वारा फेकतो.

मी बुटीबोरीला एका कारखान्यात बॉयलर आणि कूलिंग टॉवर बघतो, त्यामुळे मला सगळीकडे हेच दिसतं. कोराडीला देवीच्या दर्शनाला जाताना वीज केंद्राचे जे मोठमोठे टॉवर दिसतात ना, ते म्हणजे आपल्या कूलरचीच महाकाय भावंडं, आणि त्यांच्यासाठी भांडेवाडीत शुद्ध केलेलं आपल्याच शहराचं सांडपाणी जातं. तिथल्या ६६० मेगावॉटच्या युनिटांबद्दल लोक सुपरक्रिटिकल बॉयलरचंच कौतुक करतात, म्हणजे २२१ बार आणि ३७४ डिग्रीच्या वर गेलं की पाणी उकळतच नाही, सरळ वाफेसारखं होऊन जातं वगैरे. कौतुक बरोबरच आहे. पण टर्बाइनच्या दुसऱ्या टोकाला, टॉवरचं गार पाणी नळ्यांत फिरवून वाफेचं परत पाणी करणारा कंडेन्सर असतो, त्याचं नाव कोणी काढत नाही. कंडेन्सरमध्ये वाफ ४० डिग्रीला पाणी झाली तर आतला दाब साधारण ०.०७ बार राहतो, ५० डिग्रीला झाली तर ०.१२ बार, म्हणजे व्हॅक्यूम कमी पडला, टर्बाइनला ढकलणारा फरक कमी झाला, आणि तेवढ्याच कोळशात वीज कमी. कंडेन्सरच्या नळ्यांत क्षाराचा पातळ थर बसला तरी हेच होतं, म्हणून बऱ्याच प्लांटमध्ये पाण्यासोबत स्पंजचे गोळे सोडतात, ते नळ्या घासत घासत फिरत राहतात. साधी गोष्ट आहे, पण रोज पैसे वाचवते. आणि गंमत बघा, टॉवर वेट बल्बवर चालतो म्हणून मे महिन्याच्या कोरड्या भट्टीपेक्षा जुलैच्या दमट हवेतच त्याचं पाणी जास्त गरम येतं. फ्रेंच इंजिनिअर सादी कार्नोनं १८२४ मध्येच सांगून ठेवलंय की वरचं तापमान जेवढं महत्त्वाचं तेवढंच खालचंही, पण आपलं लक्ष कायम आगीकडेच.

आता फ्युएल सेल. भाच्याचं खरं आहे, तिथे कार्नो आडवा येत नाही, कारण हायड्रोजन जाळायचाच नसतो. विल्यम ग्रोव्हनं १८३९ च्या सुमारास हे करून दाखवलं होतं. पण कागदावर एका सेलमधून १.२३ व्होल्ट मिळायला पाहिजेत आणि फ्युएल सेलवरची गाडी जोरात पळते तेव्हा हातात येतात ०.६ ते ०.७. उरलेली ऊर्जा कुठे जाते? उष्णतेत. पेट्रोल इंजिनची बरीचशी उष्णता सायलेन्सरमधून उडून जाते, फ्युएल सेलमध्ये ती सोय नाही, जवळपास सगळी रेडिएटरमधूनच बाहेर काढावी लागते. आणि सेल असतो जेमतेम ८० डिग्रीचा, कारण त्यातला नॅफिऑन नावाच्या प्लॅस्टिकचा पडदा ओला असला तरच प्रोटॉन पलीकडे जाऊ देतो, जास्त तापला की सुकतो. बाहेर २५ असेल तर रेडिएटरला ५५ डिग्रीचा फरक मिळतो, आपल्याकडे ४५ मध्ये फक्त ३५. पेट्रोल इंजिनचं पाणी शंभरच्या आसपास असतं, त्याला अशा उन्हातही ५५ मिळतात.

आपले गडकरी साहेब मार्च २०२२ मध्ये टोयोटाच्या मिराई या फ्युएल सेलवरच्या गाडीतून संसदेत गेले तेव्हा आमच्या घरात तिच्यातून धुराऐवजी निघणाऱ्या पाण्याच्या वाफेवरच चर्चा झाली, मला मात्र तेव्हापासून तिचा रेडिएटर वर्धा रोडवर मे महिन्यात बघायचाय.

यावर उपाय काय, तर माझ्या मते सगळ्यात चांगला रेडिएटर म्हणजे मुळात उष्णताच कमी तयार होणं. मी भाच्याला वहीवर गणित करून दाखवलं, दर सेलला ०.६५ व्होल्टवर १०० किलोवॉट वीज काढली तर साधारण ९२ किलोवॉट उष्णता निघते, ०.७० वर नेलं तर ७९. नुसत्या ०.०५ व्होल्टनं एवढा फरक! हे व्होल्ट मिळवायलाच लोक आयुष्य घालवतात, पूर्वी पावणेदोनशे मायक्रॉन जाड असलेला पडदा आता दहा-पंधरा मायक्रॉनवर आणलाय, म्हणजे प्रोटॉनला अडथळा कमी आणि एका बाजूला तयार झालेलं पाणी पलीकडे झिरपून पडदा आपोआप ओला राहतो. २०१४ च्या मिराईत तर हवा ओली करणारा बाहेरचा ह्युमिडिफायर काढूनच टाकला. पण पाणी जास्त साचलं तर हवेची वाट बंद, म्हणून शेजारच्या कार्बनच्या कागदाला टेफ्लॉन लावतात. ओलं हवं पण तुंबायला नको, कूलरच्या गवतासारखंच की.

दुसरा रस्ता म्हणजे सेलच गरम चालवा. फॉस्फोरिक ॲसिड भरलेले पडदे १६० च्या वर चालतात, मग आपला ४५ काहीच नाही, पण ते ॲसिड हळूहळू निघून जातं. आणि सॉलिड ऑक्साइडवाले तर ७०० च्या पुढे, त्यांचा पडदा झिर्कोनिया आणि यट्रियाच्या सिरॅमिकचा. आता हे मला फार आवडतं, गॅस टर्बाइनची पाती दीड हजार डिग्रीच्या गॅसमध्ये वितळू नयेत म्हणून त्यांच्यावर जो लेप देतात तोही झिर्कोनिया-यट्रियाचाच. एकच माती, एकीकडे उष्णता अडवते आणि दुसरीकडे ऑक्सिजनचे आयन जाऊ देते. सेलमधून निघालेला गरम गॅस पुढे टर्बाइनला द्यायचा असंही करतात, म्हणजे इंजिन की फ्युएल सेल हा भाच्याचा झगडाच राहत नाही.

एवढं होईस्तोवर पाच वाजले. नवं गवत भरलं, पंप सुरू केला, पाणी तिन्ही ताट्यांवर सारखं उतरतंय का बघितलं, एका कोपऱ्यात कोरडं राहत होतं ते नळीचं भोक टाचणीनं मोकळं केलं. मग कूलरच्या तोंडाशी थर्मामीटर धरलं तर २८. सकाळी जुन्या गवतावर ३२ होतं. भाच्यानं दोन्ही आकडे वहीत लिहिले आणि खाली जुलैसाठी एक रकाना मोकळा ठेवला.